बाईकच्या ज्यादा एलईडीला करंट कुठून घ्यायचा: एका मुलुंडकराचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझ्या एका मित्राच्या बाईकची ही गोष्ट. नाव देत नाही, मित्रच म्हणतो. राहायला मुलुंड, मूळ गाव जुन्नर तालुक्यात, त्यामुळे महिन्यातनं दोनदा तरी शुक्रवारी कामावरून आला की जेवून रात्रीच माळशेजमार्गे गावाला निघतो, आणि वर्षातनं एक मोठी टूर असते, कधी कोकण-गोवा कधी कच्छ. बाईक चारशेच्या आसपास सीसीची, सिंगल सिलेंडर, टूरिंगवाली. कंपनीचं नाव घेत नाही कारण यात बाईकचा काही दोष नव्हता, जे काय केलं ते आपल्याच लोकांनी केलं. मी भांडुपला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकल डिप्लोमा, बाईकचा मेकॅनिक नाही पण मीटर धरायची सवय आहे. म्हणून शेवटी हे माझ्याकडे आलं.

ज्यादा लाइट हवे होते यात शौक कमी आणि गरज जास्त. कल्याण सुटलं, मुरबाड सुटलं, टोकावडे गेलं की पुढं अंधारच, आणि पावसाळ्यात माळशेजला ढग खाली रस्त्यावर येऊन बसतात. बाईकचा मूळ दिवा हॅलोजन एच-फोर, हाय बीम 60 वॅट आणि लो बीम 55, धुक्यात हाय मारला की समोर पांढरी भिंत. गंमत बघा, अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे, जिथं खांबाखांबावर दिवे आहेत तिथं बाईकला बंदी, आणि आपल्या वाट्याला शिळफाटा आणि मुरबाड.

तर त्याने पिवळ्या एलईडीची जोडी घेतली. खोक्यावर प्रत्येकी 60 वॅट लिहिलेलं. हा आकडा लक्षात ठेवा, नंतर लागेल.

पहिला जोड: सरळ बॅटरीवरून

नाक्यावरचे वायरिंगवाले मामा, पंचवीस वर्षं रिक्षा-टेम्पोची वायरिंग करतायत, हात चांगला आहे त्यांचा. त्यांनी विचारलं, "डायरेक्ट मारू का चावीवरून घेऊ? चावीवरून घ्यायचं तर पुढचं सगळं उघडायला लागेल."

मित्राला घाई होती. म्हणाला डायरेक्ट मारा.

इथं पहिला निर्णय झाला आणि तो तीस सेकंदात झाला. बॅटरीच्या प्लसवरून एक वायर, मध्ये काचेचा फ्यूज, हँडलवर छोटं स्विच, तिथून दोन्ही दिवे, आणि मायनस हेडलाइटच्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली. अर्ध्या तासात काम फत्ते. लाइट मस्त पडले, आणि खरं सांगायचं तर करंटच्या दृष्टीने ही जोडणी वाईट नव्हतीच, बॅटरी म्हणजे बाईकमधला सगळ्यात भक्कम पॉइंट, दुसऱ्या कुणाच्या वाट्याला हात लागत नाही. एकच भानगड, चावी काढली तरी तिथं करंट असतोच.

आता यात अजून एक गोष्ट मिसळली. शहरात हे दिवे उघडे ठेवले की सिग्नलला कुणीतरी अडवणार म्हणून त्याने दिव्यांवर काळी प्लास्टिकची झाकणं बसवली, घाट लागला की काढायची, मुंबईत आलो की लावायची. चांगली सवय. पण एका गुरुवारी रात्री बाईकवर कव्हर ओढताना कव्हराची दोरी स्विचमध्ये अडकली आणि स्विच चालू झालं. झाकणं लावलेली, वर कव्हर घातलेलं, उजेड कुणाला दिसणार? वॉचमनलाही दिसला नाही.

बॅटरी 8 अँपिअर-अवरची. दिवे तीन-साडेतीन अँपिअर खातात. म्हणजे कागदावर अडीच तास, आणि स्टार्टर फिरवण्याइतका दम त्याच्याही आधीच संपतो. शुक्रवारी रात्री दहा वाजता सामान बांधून चावी फिरवली तर मीटरसुद्धा पेटला नाही. एका झाकणाला आतून फोड आल्यासारखा आला होता, हात लावला तर प्लास्टिक मऊ.

धक्का स्टार्टचा प्रयत्न सोसायटीच्या चार पोरांनी उतारावरून केला. पण ही फ्यूल इंजेक्शनची गाडी, टाकीतला पेट्रोल पंप विजेवर चालतो, इसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर विजेवर चालतो, बॅटरी पार मेलेली असेल तर कितीही धक्का मारा, इंजिनापर्यंत पेट्रोलच पोचत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची सवय असलेल्यांना हे पटत नाही, पोरं घामाघूम होईस्तोवर ढकलत होती. शेवटी शेजाऱ्याच्या बाईकवरून जंपर लावून चालू झाली.

दुसरा जोड: "चावीचा करंट"

यावर उपाय म्हणून तो एका ॲक्सेसरीच्या दुकानात गेला. तिथल्या पोराने वीस मिनिटांत बॅटरीची वायर काढून टाकली, हेडलाइटचा गोळा उघडला, पायलट लॅम्पची, म्हणजे हेडलाइटमधल्या छोट्या दिव्याची, वायर सोलली आणि दिव्यांचा प्लस तिला पिळून वर काळी टेप गुंडाळली. "आता चावी काढली की सगळं बंद, टेन्शनच नाय."

आणि खरंच टेन्शन नव्हतं, सहा आठवडे. म्हणून तर मी म्हणतो की चुकीची वायरिंग लगेच बिघडली तर बरं असतं, चालत राहते तोवर माणूस तिला बरोबरच समजतो. अधूनमधून इंडिकेटर लावला की पिवळे दिवे किंचित लुकलुकायचे. ते त्याने पाहिलं होतं, मला सांगितलं पण होतं, आणि मीही "लूज असेल कुठंतरी" म्हणून सोडून दिलं. ती माझी चूक.

माळशेजची रात्र

जुलै महिना, रात्री एकच्या सुमारास, घाट चढताना. दाट धुकं, बारीक पाऊस. पिवळे दिवे चालू, चारही इंडिकेटर चालू, एका वळणावर वरून ट्रक येताना दिसला तसा ब्रेक दाबला आणि हॉर्नवर अंगठा ठेवला. लांब हॉर्न. हॉर्न मध्येच गप्प झाला आणि पिवळे दिवे गेले.

हेडलाइट चालूच होता. म्हणून त्याला पहिल्या क्षणी वाटलं फक्त फॉग, म्हणजे पिवळेच गेले. मग लक्षात आलं की मीटर काळा पडलाय. इंडिकेटर नाही. आणि बाजूला घेऊन मागं जाऊन पाहिलं तर टेललाइट बंद, ब्रेकलाइट बंद. म्हणजे समोरून बघणाऱ्याला बाईक दिसत होती, मागून येणाऱ्याला धुक्यात काहीच नाही. तो म्हणतो, त्या दोन मिनिटांत मागनं एखादी एसटी आली असती तर काय, हा विचार त्याला मुंबईला परत येईपर्यंत सुटला नाही.

झालं काय होतं ते नंतर कागदावर मांडलं. या बाईकला पायलट, टेल, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न आणि मीटर या सगळ्यांना मिळून एकच फ्यूज आहे, 10 अँपिअरचा. हेडलाइटचा वेगळा. पायलटच्या वायरला दिवे जोडले म्हणजे या एकत्र कुटुंबात अजून एक खाणारं तोंड आलं. चार इंडिकेटर दहा-दहा वॅटचे, ते 3.2 अँपिअर. ब्रेकचा बल्ब 21 वॅट, दीडच्या वर. टेल, पायलट आणि मीटर मिळून एक धरा. नवे दिवे साडेतीन. आणि हॉर्न! दोन वर्षांपूर्वी त्याने मूळ हॉर्न काढून मोठ्या आवाजाची जोडी बसवली होती, तीही विनारिले (रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारं स्विच), मूळ वायरवरच, दोन्ही मिळून सातच्या आसपास खातात. बेरीज सोळाच्या वर जाते. इंडिकेटर चालू-बंद होतात, ब्रेक थोडा वेळच दाबला जातो, हॉर्न टिचकीभर वाजतो, म्हणून सहा आठवडे निभावलं. सगळे एकाच वेळी फक्त घाटात धुक्यात वळणावर ट्रक आल्यावरच चालू होतात, म्हणजे जिथं फ्यूज उडायला नको नेमकं तिथंच.

रस्त्यावरचा निर्णय

फ्यूजबॉक्समध्ये एक स्पेअर 10 चा होता, लाल. बरोबरच्या दुसऱ्या रायडरकडे पिवळा होता, 20 चा. तो म्हणाला हाच टाक, परत उडायचा नाही. आणि फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची सूचनाही आली, ती आपल्याकडे कायम कुणाकडे तरी तयारच असते.

मित्राने पिवळा टाकला नाही. हेडलाइटच्या मागची टेप सोडली, पिळलेली वायर उपटून काढली, टोकाला प्लास्टिक गुंडाळलं, मग लाल फ्यूज बसवला आणि पिवळ्या दिव्यांशिवाय तीस-चाळीसच्या स्पीडने घाटापलीकडचं मढ गाठलं. या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हा, आणि तो सगळ्यात वाईट जागी उभं राहून घेतलेला. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. दहाच्या हिशोबाने घातलेल्या बारीक वायरीवर वीसचा फ्यूज टाकला तर फ्यूज उडणार नाही हे खरंच, पण मग आतली वायर तापेल, आणि ती वायर टाकीखालून जाते.

मोजमाप

पुढच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. पहिली अडचण क्लॅम्प मीटरची. त्याने ऑनलाइन स्वस्तात एक मागवला होता, तो फक्त एसी करंट मोजतो, बाईकच्या वायरीभोवती लावला की शून्य दाखवतो. घरच्या फ्रिजला ठीक आहे, बॅटरीच्या करंटला डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो. मी कंपनीतनं साहेबांना विचारून आणला. साधा मल्टिमीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर सिरीजमध्ये लावूनही मोजता येतं, पण तसा लावलेला असताना सेल्फ मारू नका, स्टार्टरचा करंट त्यातून गेला की मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. कसं माहीत ते विचारू नका.

दिवे थेट बॅटरीला जोडून पाहिले, इंजिन चालू, 13.6 व्होल्ट, दोन्ही मिळून 3.1 अँपिअर. म्हणजे 42 वॅट. खोक्यावर एकशेवीस. अशा दिव्यांच्या खोक्यावरचा आकडा हा मेळ्यातल्या पाळण्यासारखा, वरवर फार मोठा दिसतो. आपल्याला इथं फायदाच झाला म्हणा.

मग जुनी जोडणी परत तात्पुरती करून दिव्याच्या टोकाशी मोजलं. बॅटरीवर 13.5 आणि दिव्यावर 11.6! जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत गायब. त्यातले 1.2 प्लसच्या बाजूने, बारीक वायर आणि पिळलेला जॉइंट. उरलेले 0.7 अर्थच्या, म्हणजे मायनसच्या बाजूने, कारण ब्रॅकेटला पेंट आहे आणि बोल्टखाली मुंबईच्या हवेने धरलेला गंज. आणि करंट 3.1 वरून 3.6 झालेला. इथं बरेच जण चुकतात, वाटतं व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होणार. बल्बचं तसंच असतं. पण या एलईडीच्या आत ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) असतो, तो ठरलेली पॉवर ओढायला बघतो, व्होल्ट कमी मिळाले तर अँपिअर वाढवून घेतो. म्हणजे वायर जितकी वाईट तितका तिच्यावर भार जास्त.

शेवटचं मोजमाप सगळ्यात कामाचं. क्लॅम्प बॅटरीच्या वायरीला लावला, आत जातंय का बाहेर येतंय ते बघायला. ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग, मॅन्युअलप्रमाणे 220 वॅटचा, पण तो आकडा इंजिन पळत असतानाचा, आयडलला (रेस न देता, उभ्या गाडीत) त्याच्या कितीतरी खाली. हेडलाइट आपण बंद करूच शकत नाही, 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना तो कायम चालूच असतो, म्हणजे 55 वॅट तिथं गेलेच. पंप, इग्निशन, इसीयू यांचं वेगळं. आयडलला फॉग बंद असताना बॅटरीत 0.9 अँपिअर जात होते. फॉग चालू केले की 2.4 बाहेर यायला लागले. रेस वाढवत नेली तर दोन हजार आरपीएमच्या जरा अलीकडे काटा शून्यावर, तीन हजारला आरामात चार्जिंग.

म्हणजे घाटात, हायवेला काही प्रश्न नाही. प्रश्न एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास आयडलला उभं राहून दिवे चालू ठेवले तर. ही गोष्ट कुठल्याही वायरिंगने सुटत नाही, ती स्विच बंद करूनच सुटते.

कुठून कुठून घेता आलं असतं

आकडे हातात आल्यावर पर्याय बघायला सोपं गेलं, कारण तोपर्यंत आम्ही "बारा व्होल्ट कुठं मिळतील" असं विचारत होतो आणि बारा व्होल्ट तर बाईकमध्ये जागोजागी आहेत. विचारायचं हे की ही वायर आधीच कुणाकुणाची आहे आणि तिचा फ्यूज किती.

हँडलच्या यूएसबी सॉकेटची वायर: ती मोबाइलपुरतीच, आणि मोबाइलवर मॅप चालू असतो. नाही.

हेडलाइटच्या वायरवरून सरळ: फ्यूज वेगळा असला तरी तो गेला तर हेडलाइट जाणार. ज्या दिव्याला मदत म्हणून दुसरे लावले तोच त्यांच्यापायी घालवायचा, याला काय अर्थ आहे. नाही.

दिव्यांसाठी वेगळी बॅटरी: एका जणाने सुचवलं, टॉप बॉक्समध्ये ठेव. ती चार्ज कोण करणार? नाही.

फ्यूज टॅप: हा खरंच चांगला पर्याय आहे, फ्यूजबॉक्समधला एक फ्यूज काढून तिथं दोन फ्यूजवाली पिन घालायची, वायर सोलायची गरज नाही. यावर आम्ही अर्धा तास घातला. पण ज्या फ्यूजवर चावीचा करंट होता तो तोच गर्दीवाला 10 चा, त्याच्यामागची वायर तीच. शिवाय टॅप बसवला की बॉक्सचं झाकण लागत नव्हतं, पावसाळ्यात उघडा फ्यूजबॉक्स नको. दिव्यांसाठी नाही, पण खाली सांगितलेल्या रिलेला नुसता चालू-बंदचा इशारा द्यायला चालला असता.

मोबाइल ॲपवरून चालणारी रेडिमेड पॉवर मॉड्यूल: काम उत्तम, प्रत्येक आउटपुटला वेगळी लिमिट. पण एका जोडीसाठी किंमत दिव्यांपेक्षा जास्त. पुढं हीटेड ग्रिप, जीपीएस वगैरे पाच गोष्टी लावायच्या असतील त्यांनी जरूर घ्यावी.

आणि रिले. ताकद बॅटरीची आणि हुकूम चावीचा. दिव्यांचा सगळा करंट बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजमधून रिलेमार्फत जातो, आणि रिलेच्या कॉइलला चालू-बंद करायला चावीवरच्या एखाद्या वायरीतून थोडासा करंट घ्यायचा. कॉइल 80 ओहमच्या आसपास, म्हणजे 0.15 अँपिअर, दोन वॅटपण नाही. एवढं त्या एकत्र कुटुंबाला जड नाही.

शेवटी केलेलं काम

वायर आणि हीट श्रिंक स्लीव्ह लोहार चाळीतून आणली, 1.5 स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची लवचिक. घरच्या वायरिंगची जाड एकतारी वायर बाईकवर घालू नका, व्हायब्रेशनने वळणावर तुटते. चार पिनी रिले, त्याचा सॉकेट आणि पट्टी फ्यूजचा वॉटरप्रूफ होल्डर असं सगळं मिळून हजाराच्या आत झालं.

जोडणी अशी: बॅटरी प्लसपासून चार बोटांवर फ्यूज होल्डर, तपकिरी 7.5 चा फ्यूज, तिथून रिलेची 30 नंबर पिन. 87 वरून दिव्यांचा प्लस. 85 बॅटरीच्या मायनसला. 86 ला हँडलच्या स्विचमधून चावीचा इशारा. दिव्यांचा मायनसही फ्रेमला न देता दुसऱ्या वायरने थेट बॅटरीपर्यंत परत आणला, दोन मीटर वायर जास्त गेली पण गंजाचा विषय मिटला. फ्यूज बॅटरीच्या इतका जवळ का, तर फ्यूज आणि बॅटरीमधला जो तुकडा असतो त्याला वाली कुणी नसतो, तो जेवढा छोटा तेवढं बरं.

इशारा टेललाइटच्या वायरवरून घेतला, ती सीटखाली रिलेच्या शेजारीच होती. इथं मित्र आणि माझ्यात वाद झाला. मी म्हणत होतो हाय बीमच्या वायरवरून घे, म्हणजे समोरून गाडी आली आणि तू डिपर मारलास की पिवळे आपोआप बंद, समोरच्याच्या डोळ्यात जाणार नाहीत. तो म्हणाला, "अरे पण धुक्यात हाय मारायचाच नसतो ना, मग पिवळे लागणार कधी?" बरोबर होतं त्याचं. टेलवरून घेतला. आमची गाडी हॅलोजनची म्हणून हेडलाइटची वायर निदान पर्याय तरी होती, नव्या एलईडी हेडलाइटच्या आणि कॅन वायरिंगच्या (म्हणजे दिवेही कॉम्प्युटरमार्फत चालणाऱ्या) गाड्यांमध्ये तिला हातच लावू नये, रिले तडतडतो किंवा मीटरवर एरर येतो.

एवढं होऊन दिव्यावर मोजलं तर बॅटरीपेक्षा फक्त 0.3 कमी. हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून वायर कुठं ताणते का, चिमटते का ते बघितलं. एका बाजूला ताणत होती, सोडून परत बांधली.

नंतर काय झालं

पुढचे दोन महिने पावसातच गेले, माळशेजच्या चार-पाच फेऱ्या झाल्या, चारही इंडिकेटर, ब्रेक, लांब हॉर्न सगळं एकदम करून पाहिलं, तेही घाटात नाही, पार्किंगमध्ये, वॉचमन काकांची झोप मोडून. फ्यूज शाबूत. चावी काढली की अंधार. कव्हराची दोरी अजून एकदा स्विचमध्ये अडकली म्हणे, काही झालं नाही.

एक बिघाड झाला तो माझ्या हातचा. ऑगस्टच्या शेवटी दिवे कधी लागायचे कधी नाही. उघडून पाहिलं तर रिले मी पिना वर करून बसवला होता, सीटखालून पाणी सॉकेटमध्ये उतरलं आणि पिनांवर हिरवं आलं. पिना खाली करून बसवला, थोडं ग्रीस लावलं, झालं. रिले घेताना खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलं होतं. 60 वॅटसुद्धा खोक्यावरच लिहिलं होतं.

हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर दिवे चालू असताना बारीक खरखर येते. ती एलईडीच्या आतल्या ड्रायव्हरची, महागड्या दिव्यांना कमी असते. तो म्हणतो चालतंय.

आज परत केलं तर

पहिलं म्हणजे सर्व्हिस मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा आधी बघितला असता. काम संपल्यावर पंधरा दिवसांनी तो पीडीएफमध्ये मिळाला आणि त्यात दिसलं की स्टिअरिंगच्या मागं हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, टेपने बांधलेला एक रिकामा कपलर (जोडणीचा प्लग) आहे, कंपनीनेच दिलेला, चावीवर चालणारा. इशारा तिथून घेतला असता तर टेललाइटची वायर सोलायला लागली नसती, आणि वॉरंटीतल्या गाडीला तर हे फारच महत्त्वाचं. टेप सोडून हात घातला, खरंच होता तिथं.

दुसरं, टेलवरून इशारा घेण्याचा निर्णय अर्धाच बरोबर निघाला. धुक्यात उत्तम. पण कोरड्या रात्री समोरून गाडी आली की त्याला डिपरही मारायचा आणि पिवळ्यांचं स्विचही बंद करायचं, दोन कामं एका अंगठ्याने, आणि तो विसरतो. समोरचे शिव्या घालतात ते हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही एवढंच. आता दिवाळीत तीन पोझिशनचं स्विच लावलं: मधे बंद, एका बाजूला टेलचा इशारा, दुसऱ्या बाजूला हाय बीमचा. स्विचमधून कॉइलचाच करंट जातो, त्यामुळे साधं छोटं स्विच चालतं. सुरुवातीला वाद घालण्याऐवजी दोघांपैकी कुणाला हे सुचलं असतं तर स्विच दोनदा बदलायला लागलं नसतं.

तिसरं, लुकलुकणं. इंडिकेटरच्या तालावर दिवे लुकलुकत होते तेव्हाच कळायला हवं होतं की दोघं एकाच वायरीवर जगतायत. लूज कॉन्टॅक्ट कधी तालात लुकलुकत नाही.

मामांना परत भेटलो तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मी विचारलं होतं ना, डायरेक्ट का चावीवरून? रिलेचं कुणी पैसे देतं का, सांग. लोकांना दीडशेत काम पायजे." हेही खरंच आहे.

हॉर्नची जोडी अजून मूळ वायरवरच आहे. तिच्यासाठीही दुसरा रिले आणून ठेवलाय, माझ्या टूलबॉक्समध्ये पडलाय, मित्राला दर रविवारी काहीतरी काम निघतं.